नारळ दिला, वर हप्तेही बांधून दिले: लुइझियानाच्या गव्हर्नरांना खुले पत्र

मा. जेफ लँड्री साहेब,
गव्हर्नर, लुइझियाना

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे आणि ते तुम्हाला वाचता येणार नाही, याची कल्पना आहे. पण तुमच्या राजधानीत, बॅटन रूजमध्ये, नऊ वर्षं काढूनही राग मला मराठीतच येतो. शिवाय गावाकडून फोनवर सगळे एकच विचारतात, त्यांनाही परस्पर उत्तर मिळेल. (त्यांच्यासाठी खुलासा: इथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. आपल्याकडे मुख्यमंत्री जे करतात ते इथे हे करतात.) तर आईचा प्रश्न असा: "ज्याला नारळ दिला, त्यालाच वर इतके पैसे कशाचे?"

२५ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री मी इथल्या टायगर स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना पाहत होतो. मध्यंतराला आमची एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, १८-१४ ने पुढे होती. नंतर टेक्सस ए अँड एम या विद्यापीठाच्या संघाने अशी काही धुलाई केली की शेवट ४९-२५ वर झाला. माझ्या पुढच्या रांगेतले आजोबा तिसऱ्या क्वार्टरलाच उठले, जाताना जांबालायाचा (इथला मसालेभात म्हणा) उरलेला डबा माझ्या हातात ठेवून गेले. कोचला काढा म्हणून बोंब मारणाऱ्यांत मीही होतो, ते लपवत नाही. दुसऱ्या दिवशी एलएसयूचा कोच ब्रायन केली घरी. विद्यापीठाने त्याला देणं लागत असलेला हिशेब सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर, म्हणजे साडेचारशे कोटी रुपयांच्या वर.

आईला मी समजावलं ते असं. कोचला दोन तऱ्हांनी काढता येतं: सकारण किंवा विनाकारण. गैरवर्तन केलं, नियम मोडले, तर सकारण. मग दमडीही द्यावी लागत नाही. पण सामने हरणं हे करारात 'कारण' धरतच नाहीत! त्यामुळे ज्या एका गोष्टीसाठी कोचला खरोखर काढलं जातं, ती कागदावर 'विनाकारण' ठरते आणि उरलेल्या वर्षांचा पगार विद्यापीठाच्या गळ्यात पडतो. यालाच इथे बायआउट म्हणतात. केलीचा करार २०२१ चा, दहा वर्षांचा, ९ कोटी ५० लाख डॉलरचा (पुढचे आकडेही डॉलरमध्येच). त्यात उरलेल्या रकमेच्या ९० टक्के देण्याची अट होती, हप्ते २०३१ अखेरपर्यंत.

खरी मेख त्यापुढच्या कलमात असते. काढलेल्या कोचने दुसरं काम शोधायचं का, आणि मिळालं तर तिथला पगार इथल्या देण्यातून वजा करायचा का? पेन स्टेट विद्यापीठाने त्याच ऑक्टोबरात आपला कोच जेम्स फ्रँकलिनला काढलं, तेव्हा देणं होतं ४ कोटी ९० लाखांच्या घरात. पाच-सहा आठवड्यांत त्याला व्हर्जिनिया टेक या दुसऱ्या विद्यापीठाने उचललं आणि पेन स्टेटचं प्रकरण ९० लाखांवर मिटलं. उलट टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये आपला कोच जिम्बो फिशरला काढलं. त्या करारात वजावटीचं कलमच नव्हतं. साडेसात कोटींहून अधिक रक्कम, पहिला मोठा हप्ता साठ दिवसांत, बाकीचे २०३१ पर्यंत दरसाल. फिशरने उद्या दुसरीकडे नोकरी धरली तरी हे पैसे येतच राहणार.

असल्या कागदावर कोणी सही का करतं? कारण सही ऐन भरात होते. संघ जिंकत असतो, दुसरं विद्यापीठ कोचला पळवेल म्हणून धाकधूक असते आणि कोचचा एजंट हे पुरेपूर ओळखून असतो. संघात येऊ पाहणारी अठरा वर्षांची पोरं नि त्यांचे आईबाप विचारतात, आमचा मुलगा तिथे असेपर्यंत हा कोच राहील ना? म्हणून मुदत वाढवायची. मुदत वाढली की बायआउटही फुगतो. तुलनेला एक आकडा सांगतो: २०२५-२६ मध्ये एका विद्यापीठाला आपल्या सगळ्या खेळांतल्या सगळ्या खेळाडूंना मिळून थेट देता येणारी रक्कम आहे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. गेलेल्या एका कोचला त्याच्या अडीचपट.

आता तुमच्याकडे येतो, साहेब.

केली गेल्यावर तुम्ही जाहीरपणे कडाडलात. एलएसयूचे क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड यांनी नवा कोच निवडण्यापेक्षा डोनाल्ड ट्रम्प यांनी निवडला तरी चालेल म्हणालात. भुर्दंड करदात्यावर येऊ शकतो हेही बोललात. फिशरचा टेक्ससमधला पहिला करार याच वुडवर्ड यांच्या काळातला, ही आठवण चुकीची नव्हती. दुसऱ्या दिवशी वुडवर्ड गेले. मी घरी टाळी वाजवली, खोटं कशाला बोलू.

मग विद्यापीठाने घासाघीस केली. एकरकमी अडीच कोटी घ्या, तीन घ्या. केलीने नकार दिला आणि नोव्हेंबरात तो कोर्टात गेला. त्याच्या दाव्यानुसार विद्यापीठाच्या वकिलांचं म्हणणं होतं की त्याला रीतसर काढलंच नव्हतं. अख्ख्या गावाने ज्याला जाताना पाहिलं तो गेलाच नाही म्हणे! महिना संपायच्या आत विद्यापीठाने लेखी कबूल केलं: काढलं, आणि तेही विनाकारण. केलीवर माझा राग नाही. सही असलेला कागद त्याने पुढे केला, एवढंच.

माझा आक्षेप त्यानंतरच्या आठवड्यावर आहे. नवे कोच म्हणून लेन किफिन आले. सात वर्षं, ९ कोटी १० लाख. विनाकारण काढलं तर उरलेल्या रकमेच्या ८० टक्के. वर्षाला सरासरी १ कोटी ३० लाख धरा आणि तीन वर्षांनी आम्ही पुन्हा बोंब मारली असं समजा. चार वर्षांचे ५ कोटी २० लाख, त्याचे ८० टक्के ४ कोटी १६ लाख. ही आकडेमोड मी भाजीच्या पावतीमागे केली. तेव्हा तुमचा आवाज ऐकू आला नाही.

हे पैसे देणगीदार देतात, सरकारचं काय जातं, असं मला ऐकवलं जातं. पण कोचचा करार असतो सार्वजनिक विद्यापीठाशी. देणगीदारांचा हात आखडला तर केलीने दावा देणगीदारांवर नसता लावला.

माझी बायको इथल्याच एका कॉलेजात (नाव नको) रसायनशास्त्र शिकवते, सत्रागणिक कंत्राटावर. तिचा करार एका पानाचा आहे. पुरेशी मुलं आली नाहीत तर तो रद्द, तिला शून्य. गावाकडे तासिका तत्त्वावर शिकवणारी माझी बहीण हे ऐकून एवढंच म्हणाली, "अगदी आमच्यासारखंच की."

विद्यापीठाच्या बोर्डावरची बहुतेक माणसं तुम्ही नेमता. त्यांना एक सांगा. कोचच्या कराराच्या पहिल्या पानावर, सही होण्याआधी, एक साधा तक्ता छापा: पहिल्या वर्षी काढलं तर किती, दुसऱ्या वर्षी किती, नव्या नोकरीचा पगार वजा होणार की नाही, आणि देणगीदार मागे हटले तर कोण भरणार. तो तक्ता आठवडाभर लोकांसमोर राहू द्या, मग मतदान घ्या. सुरुवात किफिन यांच्या करारापासूनच करा. त्यांचा पहिला सामना व्हायच्या आत.

आपला,
टायगर स्टेडियममधला एक मराठी प्रेक्षक

ता. क. आजोबांचा डबा अजून माझ्याकडेच आहे. त्यांना परत करायचाय.