‘नगरर-’ वर, ‘चना’ खाली

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

ठाण्यातली किंवा नवी मुंबईतली एखादी जाहीर सूचना साडेचार सेंटिमीटरच्या कॉलमात बसवायची, तर दहा पॉइंट आकाराच्या अक्षरात ओळीला जेमतेम दोन-तीन शब्द मिळतात. ‘मालमत्ताकरधारकांसाठी’ मावला नाही की अख्खा खाली उतरतो आणि वरचे दोन शब्द ओळीच्या दोन टोकांना जाऊन बसतात. मग शब्द तोडावा लागतो. तो कुठे तोडायचा, याची यादी शासनाने द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

टेकसारख्या (TeX) अक्षरजुळणीच्या मुक्त प्रणालींसाठी मराठीचे नमुने, म्हणजे शब्द कुठे तोडायचा हे यंत्राला सांगणारे नियम, आहेत. लिपीपुरतं त्यांचं काम चोख आहे. हलन्त चिन्हापाशी ते तोडत नाहीत, काना-मात्रा-अनुस्वार अक्षरापासून सुटू देत नाहीत. म्हणून ‘मालमत्-ता’ होत नाही. पण त्यापलीकडे प्रत्येक अक्षराची कड त्यांना सारखीच. ‘नगर-रचना’ चालतं तसंच ‘नगरर-चना’, आणि ‘कोपर-खैरणे’ चालतं तसंच ‘कोपरखै-रणे’. लिपी शाबूत, शब्दाचा बट्ट्याबोळ.

इंग्रजीसाठी फ्रँक लियांग यांनी १९८३च्या प्रबंधात वाट काढली. तोडायच्या जागा दाखवलेली शब्दयादी ‘पॅटजेन’ या प्रोग्रॅमला दिली की तो नमुने काढून देतो, टेकमध्ये इंग्रजीचे ४,४४७ नमुने आणि १४ अपवाद आहेत. मराठीच्या यादीत मात्र समासाचा आणि शब्दयोगी अव्ययाचा सांधा दाखवायला हवा: ‘महापालिके-कडून’ चालेल, ‘महापालिकेक-डून’ नाही. एकटं ‘ने’ही खाली पडू नये. शेवटची दोन अक्षरं राखायला सांगून ते टळत नाही, कारण यंत्र ‘न’ आणि मात्रा वेगळी मोजतं. त्याच्या लेखी ‘ने’ म्हणजे दोन आणि ‘क्षा’ म्हणजे चक्क चार.

ही यादी राज्य मराठी विकास संस्थेने करून मुक्त परवान्यावर खुली करावी.

तोवर छपाईच्या निविदांत निदान युनिकोडची अट असावी. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर यंत्राला इंग्रजी वाटतो. मग ऱ्हस्व वेलांटी एका ओळीत आणि तिचं व्यंजन दुसऱ्या ओळीत. परिच्छेदाची भाषा ‘मराठी’ निवडलेली असावी, नाहीतर चांगले नमुनेही नुसते पडून राहतात. हाताने हायफन टंकू नये: कॉलमाची रुंदी बदलली की तो ओळीच्या मधोमध उगवतो. अगदीच अडलं तर सॉफ्ट हायफन घालावा, तो ओळीच्या शेवटीच दिसतो. माणसांची नावं, सर्व्हे नंबर, रकमा तोडू नयेत. आणि कॉलम चार सेंटिमीटरच्या आत असेल तर दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्टच सोडावा. उजवी कड वेडीवाकडी दिसते म्हणून फाईल परत पाठवणारे साहेब प्रत्येक कार्यालयात असतात. त्यांच्यासाठी एक लेखी ओळ आपल्याकडून आली तर फार बरं होईल.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही अक्षरजुळणीकार