बाणाईची गोष्ट सांगणाऱ्या सगळ्यांचे आभार

खंडोबा, म्हाळसा आणि बाणाई यांच्या कथांवरचा माझा शोधनिबंध परवा लिहून पूर्ण झाला. ज्यांच्यामुळे झाला, त्यांतल्या बहुतेकांची नावंही मला ठाऊक नाहीत.

जेजुरीच्या पायऱ्यांवर भंडारा विकणाऱ्या मावशी, तुम्ही गिऱ्हाईक सोडून मला अर्ध्या डोंगरावरच्या बाणाईच्या देवळापर्यंत आणून सोडलंत. "म्हाळसा वाण्याची, बानू धनगराची. दोघींचं पटंना, म्हणून ही इथं राहिली," एवढ्या दोन वाक्यांनी माझ्या निबंधाची दिशाच बदलली.

जागरण पहाटेपर्यंत रेकॉर्ड करू देणारे वाघ्ये-मुरळी, तुमचे तर किती आभार मानू! दिमडीवरची थाप मध्येच थांबवून, देवानं बानूच्या वाड्यावर मेंढरं कशी राखली, मारली आणि पुन्हा जिवंत केली, ते तुम्ही मला समजेपर्यंत सांगितलंत. माझ्या वहीच्या त्या पानावर अजून हळदीची बोटं उमटलेली आहेत. (ते पान मी जपून ठेवणार आहे.)

आणि ग्रंथालयातले काका, माळ्यावरून जुनी मल्हारी माहात्म्याची पोथी धूळ झटकून काढून दिलीत. मनापासून आभार. चंपाषष्ठीला निबंधाची प्रत घेऊन गडावर येतेय.