आगीची तालीम होते, राखेची कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमानतळावर मॉक ड्रिल झाल्याची छायाचित्रे आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. एक जुनाट सांगाडा पेटवलेला असतो, अग्निशमनच्या गाड्या फेसाचे फवारे मारत असतात, लाल रंग फासलेले ‘जखमी’ स्ट्रेचरवर निवांत पहुडलेले असतात. दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला: यंत्रणा सज्ज. हे सराव व्हायलाच हवेत. पूर्ण प्रमाणातला सराव दोन वर्षांत एकदा तरी घ्यावा, असे आंतरराष्ट्रीय बंधनच आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. ज्या संकटात आग नाही, जखमी नाहीत आणि फोटो काढावा असे काहीही नाही, त्याची तालीम कोण घेणार? मी ज्वालामुखीच्या राखेबद्दल बोलतो आहे.

आपल्याकडे कुठला आलाय ज्वालामुखी, असे कुणी म्हणेल. सह्याद्रीचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे झाली, हे खरे. पण राख वाऱ्यावर येते. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी, रविवारी, इथिओपियाच्या अफार भागातला हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला. त्याच्या उद्रेकाची इतिहासात नोंदच नव्हती. राख तांबडा समुद्र ओलांडून येमेन, ओमान करत अरबी समुद्रावर आली आणि सोमवारी रात्री गुजरात-राजस्थानवरून दिल्लीपर्यंत पोचली. सुमारे चार हजार किलोमीटरचे अंतर, दीड दिवसात. डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) सूचना काढली: राखेचा भाग टाळा, मार्ग आणि इंधन नव्याने ठरवा, इंजिनात काही वेगळे जाणवले किंवा केबिनमध्ये वास आला तर लगेच कळवा. राखेच्या भागावरून उडून आलेल्या विमानांची तपासणी करण्यासाठी एअर इंडियाने अकरा फेऱ्या रद्द केल्या. अकासानेही आखाताकडच्या फेऱ्या थांबवल्या. कन्नूरहून अबू धाबीला निघालेले इंडिगोचे विमान अहमदाबादला उतरले. मंगळवारी संध्याकाळपर्यंत ढग चीनकडे सरकला आणि विषय संपला. आपण सुटलो, एवढेच. राख उंचावर होती आणि वारा तिला पुढे ढकलत राहिला. ही वाऱ्याची मेहेरबानी होती, आपली तयारी नव्हे.

मुंबईच्या सहार विमानतळावर एका विमान कंपनीच्या डिस्पॅचमध्ये माझी उमेदीची वर्षे गेली. विमान सुटण्याआधी मार्ग, उंची, वारा आणि इंधन यांचा हिशेब मांडून वैमानिकाच्या हाती द्यायचा, हे आमचे काम. त्यामुळे या विषयावर थोडे अधिकाराने बोलतो, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

ही राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. खडकाचे आणि काचेचे बारीक, धारदार कण असतात ते. जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात इतकी उष्णता असते की ही काच वितळते आणि पुढे टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन थिजते. हवेची वाट अडते, इंजिन बंद पडते. विमानाच्या नाकातले वेदर रडार पावसाचे ढग दाखवते, राखेचा ढग त्याला दिसत नाही. रात्री तर तो वैमानिकालाही दिसत नाही.

२४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे जंबो जेट इंडोनेशियातल्या जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. लंडनहून निघालेली ही फेरी मुंबईला थांबून पुढे गेली होती, हे इथे फारसे कुणाला ठाऊक नसते. ३७ हजार फुटांवरून तरंगत ते १३ हजारांच्या आसपास आले, तेव्हा कुठे इंजिने पुन्हा धरू लागली. समोरची काच राखेने घासून इतकी धुरकट झाली होती की कॅप्टन एरिक मूडी यांनी ते जकार्ताला उतरवले ही कमालच म्हणायची. पण मला त्यापुढची घटना जास्त खटकते. तीनच आठवड्यांनी सिंगापूर एअरलाइन्सचे जंबो त्याच ज्वालामुखीच्या राखेत गेले आणि त्याचीही काही इंजिने बंद पडली. तो धुमसतो आहे हे तोवर जगाला कळून चुकले होते. तरी दुसरे विमान त्याच राखेत गेलेच.

आज त्यासाठी यंत्रणा आहे. जगात राखेवर नजर ठेवणारी नऊ केंद्रे आहेत. हायली गुब्बीची राख फ्रान्समधल्या तुलूझ केंद्राच्या वाट्याला आली. पुढच्या ६, १२ आणि १८ तासांत ढग कुठे असेल, याचे पत्रक तिथून निघते. त्यावरून आपल्या हवामान कार्यालयाने सिगमेट (विमानांसाठी धोक्याच्या हवामानाचा इशारा) काढायचा, हवाई वाहतूक नियंत्रणाने मार्ग बदलायचे आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) काढायचे, डिस्पॅचरने नवा हिशेब मांडायचा. कागदावर चोख. पण या प्रत्येक जागी एक माणूस बसलेला असतो, आणि हे काम त्याने बहुधा जन्मात एकदाही केलेले नसते.

युरोपने हे एप्रिल २०१० मध्ये पोळून घेतले. आइसलँडच्या एयाफ्यादलायोकुलच्या राखेने (नाव घेताना वृत्तनिवेदकांचीही तेव्हा बोबडी वळली होती) जवळपास आठवडाभरात सुमारे एक लाख फेऱ्या रद्द झाल्या, एक कोटीच्या आसपास प्रवासी अडकले. किती राखेत उडायचे याचा आकडाच ठरलेला नव्हता, म्हणून सरसकट बंद. पुढे हवेच्या घनमीटरमागे राख २ आणि ४ मिलिग्रॅम अशा पायऱ्या ठरल्या. राखेचे सराव त्याआधीही होत, आता ते गंभीरपणे होऊ लागले. एप्रिल २०११ च्या सरावात काल्पनिक उद्रेकासाठी ग्रिम्सवोट्न हा ज्वालामुखी निवडला होता. २१ मे रोजी तोच खरोखर फुटला, आदल्या वर्षीच्या उद्रेकापेक्षा जोरात. रद्द झालेल्या फेऱ्या सुमारे ९००. वाऱ्याने साथ दिली, नियमही बदललेले होते, सगळे श्रेय सरावाला देता येणार नाही. पण ज्या टेबलांवर महिन्यापूर्वी हेच कागद फिरले होते तिथेच ते पुन्हा फिरले, हे काही थोडे नाही.

असा सराव दिसायला अगदी नीरस असतो. एकही खरे विमान वळवत नाहीत. पत्रके, फोन, नकाशे, घड्याळ. प्रत्येक पत्रकावर ‘हा सराव आहे’ अशी खूण ठळक टाकावी लागते, नाहीतर कुणीतरी खरोखरीचे विमान माघारी बोलवायचे. सगळी गंमत असते ती आखणी करणाऱ्यांच्या हातात. गाडी सुरळीत चालली की त्यांनी काडी घालायची: उपग्रहाच्या चित्रात ढग दिसेना, दोन देशांचे इशारे एकमेकांशी जुळेनात, किंवा एका वैमानिकाने गंधकाचा वास कळवला आणि तोही नकाशावर राख नाही अशा ठिकाणाहून.

आपल्यासाठी असा सराव आखायचा तर मी एप्रिल महिना घेईन. तेव्हा उंचावरचे वारे पश्चिमेकडून येतात, म्हणजे आफ्रिका-अरबस्तानची राख आपल्याकडे येऊ शकते. ऐन पावसाळ्यात दक्षिण भारतावर ते उलटे फिरतात. ज्वालामुखी घेईन तो कुणाच्या ध्यानीमनी नसलेला. हायली गुब्बी तसाच होता. २०११ च्या जूनमध्ये शेजारच्या एरिट्रियातल्या नाब्रोनेही असेच सगळ्यांना बेसावध गाठले होते. आणि पाकिस्तानचे आकाश बंद आहे असे गृहीत धरीन. नोव्हेंबरात ते आपल्या विमानांना खरोखरच बंद होते, दिल्लीची युरोप-अमेरिकेची विमाने खाली दक्षिणेकडे येऊन अरबी समुद्रावरून जात होती. घराला दोनच दरवाजे, एकाला कुलूप, आणि राख नेमकी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर. आता मुंबई आणि मस्कतच्या नियंत्रकांनी मिळून कुणाला आधी सोडायचे, कुणाला किती उंची द्यायची, कुणाला जमिनीवरच थांबवायचे? वळवलेली विमाने अहमदाबाद, नागपूर, हैदराबाद आणि गोव्यात उतरणार. मोपाला अशी किती उभी राहतील? रात्री दोन वाजता इंधनाचा टँकर कोण पाठवणार? वैमानिकाची ड्यूटीची वेळ संपली आणि बदली वैमानिक मुंबईतच अडकला असेल तर? ही उत्तरे फायलीत असतात हो, पण रात्री दोनला ती फाइल कुणाच्या कपाटात असते, ते सरावातच कळते. आणि एप्रिल म्हणजे हापूसचा हंगाम. लंडनच्या पेट्या कार्गोत तीन दिवस पडून राहिल्या तर शीतगृहात जागा किती, हा प्रश्न रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराच्या वतीने कुणीतरी त्या टेबलावर विचारायला हवा.

आणि काउंटर. नोव्हेंबरात शेजारच्या काकू मुलाकडे आखातात निघाल्या होत्या. ‘राखेमुळे फ्लाइट कॅन्सल आहे, मॅडम,’ काउंटरवरची मुलगी म्हणाली. काकूंनी काचेबाहेर बोट दाखवले, ‘अगं, लख्ख ऊन पडलंय की! राख कुठाय?’ मुलगी बिचारी गप्प. तिलाही कुणी काही समजावलेले नव्हते. पैसे परत मिळतील की तारीख बदलून मिळेल, यावर तीन खिडक्यांवर तीन उत्तरे. अशा नैसर्गिक कारणाने फेरी रद्द झाली तर नुकसानभरपाई मागता येत नाही, पण परतावा किंवा पर्यायी विमान मिळायला हवे, हे काकूंना घरी आल्यावर मी सांगितले. राखेच्या सरावात या मुलीलाही बसवले पाहिजे. प्रवाशांच्या भूमिकेत कंपनीचे अधिकारी बसवा म्हणजे त्यांनाही कळेल.

माझे मागणे लांबलचक नाही. डीजीसीए, विमानतळ प्राधिकरण, हवामान विभाग आणि विमान कंपन्या यांनी मिळून मुंबई हवाई क्षेत्रासाठी वर्षातून एकदा राखेचा सराव घ्यावा. मस्कत आणि तुलूझला त्यात ओढावे. चेन्नई-कोलकात्यासाठी वेगळा घ्यावा, कारण अंदमानातला बॅरन बेट हा आपला जागता ज्वालामुखी पोर्ट ब्लेअरच्या विमानतळापासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे आणि सप्टेंबर २०२५ मध्येही तो धुमसला होता. कुठला निरोप किती वेळात कुठे पोचला आणि कुठे अडकला, याचा अहवाल जाहीर करावा. शेरा नुसता ‘समाधानकारक’ आला तर सराव सोपा होता असे समजून पुढच्या वेळी अवघड करावा.

आणि तारीख आधी कळवू नये. आठवडाभर आधी परिपत्रक निघाले की सगळे वरिष्ठ इस्त्रीच्या शर्टात हजर असतात. रविवारी दुपारी घ्या. हायली गुब्बी रविवारीच फुटला होता.

आपला,
एक निवृत्त फ्लाइट डिस्पॅचर
विलेपार्ले (पूर्व), मुंबई