बाबा, ते तिकीट मी का घेतलं नाही

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर माझ्या परदेशी शिकायला जायच्या विमानाच्या तिकिटावरून आपलं बिनसलं. बाबा, ‘तुझं तू बघ’ म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात. फोनवर माझा आवाज चढतो आणि मुद्दा बाजूला राहतो, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही शोधलेलं तिकीट मी काढलेल्यापेक्षा बरंच स्वस्त होतं, हे आधीच कबूल करते. डोळ्यांना त्रास होत असताना रात्री एक वाजेपर्यंत बसून तुम्ही ते हुडकलंत, हेही आईने सांगितलं. पण ते एक तिकीट नव्हतंच. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं शेजारी शेजारी ठेवून कुणीतरी बेरीज करून दाखवली होती. नीट बघा, पीएनआर दोन आहेत. एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असतील आणि पहिलं उशिरा पोचल्यामुळे दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीच्या गळ्यात असतं. वेगळ्या तिकिटांवर पहिली कंपनी म्हणते, आम्ही पोचवलं. दुसरी म्हणते, तुम्ही आलाच नाहीत. दोघीही आपापल्या जागी बरोबर, आणि मी मधल्या विमानतळावर ऐन वेळच्या भावाने नवं तिकीट काढत उभी.

सामानाचंही तेच. दोन तिकिटं वेगळी असली की बॅगा सहसा शेवटपर्यंत परस्पर जात नाहीत. त्या पट्ट्यावरून उचलायच्या आणि दुसऱ्या काउंटरवर पुन्हा द्यायच्या. पट्टा असतो इमिग्रेशनच्या पलीकडे, म्हणजे मला त्या मधल्या देशात शिरावं लागणार, म्हणजे त्याचाही व्हिसा हवा. मध्ये वेळ होता दोन तास दहा मिनिटं. आंतरराष्ट्रीय विमानाचं चेक-इन बहुतेक ठिकाणी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं. उरली सत्तर मिनिटं. त्यात विमानातून उतरणं, रांग, बॅगा, दुसरं टर्मिनल आणि परत रांग. तुम्ही साधी रेल्वे गाठायलाही तासभर आधी फलाटावर जाऊन बसता, बाबा!

ट्रान्झिटचे नियम मी आठवडाभर वाचत होते, आणि खरं सांगते, पूर्वी मला वाटायचं की विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही तर व्हिसाचा प्रश्नच येत नाही. तसं नाही. ते आपला पासपोर्ट कुठला आणि मधला देश कुठला यावर ठरतं. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावंच लागतं. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांत, दोनदा विमान बदललं, समजा आधी पॅरिस आणि मग फ्रँकफर्ट, तर पॅरिसलाच तुम्ही शेंगेनमध्ये शिरलात असं धरतात, कारण तिथून पुढचा प्रवास त्यांच्या लेखी देशांतर्गत. हे सगळं तिकीट काढताना कुणी सांगत नाही. सांगतात ते चेक-इनच्या काउंटरवर, बोर्डिंग पास नाकारताना. म्हणून मी एकाच पीएनआरचं, एकदाच बदलायचं आणि मध्ये साडेतीन तास असलेलं तिकीट घेतलं. जास्तीचे पैसे त्या साडेतीन तासांचे समजा.

दुसरी गोष्ट वाराची. तुमचं विमान शनिवारी रात्री अकराला उतरत होतं. वसतिगृहाच्या खोलीची किल्ली ज्या कार्यालयातून घ्यायची, ते शनिवार-रविवार बंद असतं. मी गुरुवारी दुपारी पोचतेय. वर्ग सुरू होण्याआधी मधे नऊ दिवस मिळतात. खोली, बँक, फोनचं कार्ड आणि झोपेचं गणित बसवायला तेवढे लागतील. त्याहून आधी गेले असते तर व्हिसा सुरू व्हायची तारीखच आली नसती. पहिल्या उत्साहात मी नेमकी त्या तारखेच्या दोन दिवस आधीची उड्डाणं बघत बसले होते. पैसे भरले नव्हते, एवढं नशीब.

आई, आता तुझं. ‘एकेरी तिकीट’ म्हटल्यावर तू गप्प झालीस ते मला फोनवरही कळलं. ऐक. परतीचं तिकीट काढलं तर ते साधारण वर्षभरात वापरावं लागतं, आणि विमान कंपन्या अकरा-बारा महिन्यांच्या पुढच्या तारखा विकतच नाहीत. माझ्या परीक्षा कधी संपणार, सुट्टी कधी लागणार, हे मलाच अजून ठाऊक नाही. आज अंदाजाने तारीख टाकायची आणि पुढे बदलायची, तर भाड्यातला फरक आपणच भरायचा. सत्राचं वेळापत्रक हातात आलं की पहिलं काम तेच करीन, आणि तारीख आधी तुला सांगीन.

विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या भाड्यात एक बॅग जास्त मिळाली आहे. म्हणजे २३ किलोच्या तीन. पण याचा अर्थ एकूण ६९ किलो कसेही भरायचे असा नाही. प्रत्येक बॅग वेगळी तोलतात. ३२ किलोच्या वरची बॅग तर जादा पैसे देऊनही बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, कारण ती माणसाला उचलायची असते. तू काढून ठेवलेले चारही स्वेटर मी नेणार नाही, दोन नेईन. उरलेल्यांवर वाद नको. मूळ प्रमाणपत्रं, प्रवेशाचं पत्र, औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि एक कपड्यांचा जोड हे सगळं हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही तिथेच. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या विमानाच्या पोटातल्या सामानात चालत नाहीत. तिथे पेट घेतला तर कुणाचा हात पोचत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची विनापरवानगी चालते, माझी त्याच्या आत आहे.

तारखेचा घोळ मात्र दोघांनीही लक्षात ठेवा. विमान १४ तारखेला ००:४० ला आहे. म्हणजे घरून निघायचं १३ ला संध्याकाळी. १४ ला सकाळी उठून बॅगा भरायला घेतल्या तर मी गेलेली असेन. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. बाबा, तुम्ही पोचायच्या वेळेतून निघायची वेळ सरळ वजा केलीत, म्हणून प्रवासाचा हिशेब चुकला. दोन्ही वेळा आधी एका घड्याळावर आणा, मग वजाबाकी करा.

आणि तुम्ही फोनवर विमानाचा माग काढत बसणार, हे मला पक्कं माहीत आहे. काढा. पण समुद्रावर गेल्यावर ते छोटं विमान एका जागी थिजेल किंवा तुटक रेषेत सरकेल. विमानाचे संकेत जमिनीवरचे रिसीव्हर टिपतात, त्यांचा पल्ला साधारण चारशे किलोमीटरचा. भर समुद्रात रिसीव्हर कुठून असणार? तेव्हा ते ॲप नुसता अंदाज दाखवतं. किनारा आला की विमान पुन्हा दिसेल. तेवढ्यासाठी आईला उठवू नका.

पुढच्या वर्षी तुम्ही दोघं याल तेव्हा तिकिटं मीच काढीन. आईच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअरची मदत बुकिंग करतानाच नोंदवता येते, निदान ४८ तास आधी कळवायची. आई, ‘मला काय झालंय’ म्हणू नकोस. मोठ्या विमानतळावर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत वीस मिनिटं चालणं होतं.

बाबा, सोबत तिकिटाची आणि पासपोर्टच्या पानाची प्रत पाठवतेय. व्हिसाच्या अर्जात माझ्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं, ते तुम्हालाच दिसलं होतं. मी तीनदा वाचूनही मला दिसलं नव्हतं. या तिकिटावरचं नावही एकेक अक्षर ताडून बघा. चूक निघाली तर दुरुस्तीला उद्या संध्याकाळपर्यंतच वेळ आहे, तेव्हा चष्मा लावून, दिवसा बघा आणि मला फोन करा.

तुमची,
ताई