काकू, तुमच्यामुळे बडोद्यात माझं चाक सुरू झालं

काकू, तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून चहा ठेवायला उठता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता उठून कुठे जाल!

ह्यांची बदली झाली, कोल्हापूरहून माझं कुंभारकामाचं चाक आलं, ग्लेझचे (भांड्यावर काचेसारखा थर देणाऱ्या लेपाचे) डबे आले, एकही फुटला नाही, पण सोबतची माणसं तिकडेच राहिली ना. कुंभारकाम लोकांना एकट्याचं वाटतं, तसं ते नाहीये. ग्लेझमध्ये घालायच्या फेल्डस्पार, क्वार्ट्झ या दगडांच्या पुडीची गोणी 50 किलोची आणि मला लागतं थोडंसं, भट्टी अर्धी रिकामी लावली तरी वीज काही अर्धी होत नाही, त्यात माझी भांडी स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर दगडासारखी पक्की भाजायची, 1200 अंशांच्या वर जायचं, बिल बघून ह्यांचाच पारा तेवढा चढतो. आणि ग्लेझला पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी भोकं, आले तर दाखवायचे कोणाला, सासूबाईंना सगळं छानच वाटतं.

बडोद्यात कलाकारांना तोटा नाही हे माहीत होतं, सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स 1950 पासून आहे, ज्योत्स्ना भट्ट तिथे वर्षानुवर्षं सिरॅमिक्स शिकवायच्या. पण म्हणून कोणाच्याही स्टुडिओची बेल वाजवून सांगणार काय, की मी पण करते हो थोडंफार?

आणि मग दांडिया बाजारातल्या गणपतीत माझ्या नखांतली माती बघून तुम्ही विचारलंत, "शाडू का गं?" (शाडू इकडून, भावनगरच्या बाजूने, आपल्या पेणला जातो हे पण तेव्हा तुम्हीच ऐकवलंत, आरती सुरू असताना.) नंबर देते, फोन कर, म्हणणारे आधी बरेच भेटले होते. तुम्ही म्हणालात, "उद्या चारला तयार राहा, ॲक्टिव्हावर जाऊ."

प्रजापती काकांचं अंगण मी विसरणार नाही. नवरात्र तोंडावर, त्यामुळे जिकडे तिकडे भोकांचे मातीचे गरबे (नवरात्रात आत दिवा ठेवतात ते घट) वाळत घातलेले, पाय ठेवायला जागा नाही, घरातली सगळी माणसं कामात, अशा वेळी अनोळखी बाईला कोण बसवून घेतं? पण तुम्ही दारातूनच ओरडलात, "आ अमारी छे, चाक चलावे छे!" झालं, काकांनी नाव न विचारता जागा करून दिली. मी एका भांड्याला एक गोळा घेते, ते मातीचा मोठा ढीग चाकावर ठेवून वरच्यावर एकेक दिवा काढून दोऱ्याने कापत जातात, बोलता बोलता. मी नुसती बघत बसले. खरं तर आमचं काम जुळत नाही, त्यांची लाल माती माझ्या तापमानाला नेली तर वाकून बसेल आणि माझं स्टोनवेअर त्यांच्या भट्टीत कच्चं राहील. तरी पावसाळी हवेत भांडं कसं वाळवायचं, काठ आधी वाळून तडकू नये म्हणून कुठे झाकायचं, कधी उलटं घालायचं, हे मला त्यांनीच दाखवलं. इथली हवा त्यांना माहीत, मला नाही.

फतेगंजच्या ताईंकडे पण तुम्हीच नेलंत, त्या माझ्यासारखंच स्टोनवेअर करतात. आता गोणी आम्ही वाटून घेतो आणि भट्टी दोघींची मिळून भरते. 573 अंशांच्या आसपास मातीतला क्वार्ट्झ एकदम आकसतो, तिथे गार करताना घाई केली तर भांडं तडकतं, म्हणून घाई करायची नाही, एवढ्या एका गोष्टीवर आमचं एकमत आहे, बाकी निळा किती गडद इथपासून सगळ्यावर वाद. मला हेच पाहिजे होतं हो, वाद घालायला कोणीतरी!

गंमत म्हणजे तुम्ही स्वतः आयुष्यात चाकाला हात लावलेला नाही. पण प्रत्येक दारात आधी तुम्ही शिरलात, मग मी. तुमचा शब्द होता म्हणून मला कोणी परकं धरलं नाही, नाहीतर पत्ते काय मलाही शोधता आले असते.

बरं, तुमची लोणच्याची बरणी बिस्क झालीय, म्हणजे पहिली भाजणी झाली, ग्लेझ लावायचं बाकी आहे. ग्लेझमध्ये शिसं नाहीये, मिठाखाराचं बिनधास्त भरा. झाकण जरा घट्ट वाटलं तर सांगा, घासून देईन. आणि पैशाचा विषय परत काढलात तर बरणी फतेगंजलाच राहील, ताईंना ती तशीही आवडलीय.

तुमची,
कोल्हापूरची कुंभारीण