बाबा, आईला शेतात जाऊ द्या

आई, बाबा,

काल दादूचा फोन आला होता. म्हणे स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या आईचं शेतात जाणंच बाबांनी बंद केलं, धसकटं वेचायलाही नाही, काहून तर व्हॉट्सअपवर कोणीतरी व्हिडिओ टाकला की उन्हानं अंगात हीट प्रोटीन बनतं आणि त्यानं कॅन्सर पसरतो. बाबा, तो व्हिडिओ मीपण पाहिला. त्यातलं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच माणूस जास्त घाबरतो. मी लॅबमध्ये याच प्रोटीनवर काम करून राहिली, म्हणून नीट लिहून पाठवते, फोनवर एकतर रेंज जाते नाहीतर आई मधेच जेवलीस का विचारते.

हे प्रोटीन असतात हे खरं. १९६२ साली इटलीत फेरुचिओ रितोसा म्हणून शास्त्रज्ञ होते, फळमाश्यांवर काम करायचे, लॅबमधल्या कोणीतरी इनक्युबेटरचं तापमान वाढवलं आणि माशीच्या क्रोमोसोमवर एरवी नसलेले फुगवटे दिसले, म्हणजे गरमी लागताच काही जीन चालू झाले होते. गरमीनं पेशीतल्या प्रोटीनची घडी मोडते, ते एकमेकाला चिकटतात, मग हे हीट शॉक प्रोटीन, थोडक्यात एचएसपी, येऊन घडी परत बसवतात. माशीत, पऱ्हाटीत, आपल्या म्हशीत, तुमच्यात माझ्यात सगळ्यांत हेच चालतं. काम झालं की काही तासांत ते पुन्हा कमी होतात. वाईट काहीच नाही त्यात, उलट हे नसते तर जगणं मुश्किल होतं.

आता कॅन्सरकडे या. ट्यूमरच्या पेशीत जीन बिघडलेले, प्रोटीन वाकडेतिकडे, वाढ इतकी घाईची की ऑक्सिजन पुरत नाही. अशी पेशी खरं तर मरायला पाहिजे. पण ती हेच प्रोटीन कायम चालू ठेवते, बाहेर थंडी असो की ऊन. वाकडं बांधलेलं घर टेकूवर उभं राहावं तसं. टेकूनं घर वाकडं केलं नाही, पण टेकू काढला तर ते पडेल. २००७ साली अमेरिकेत सुझन लिंडक्विस्ट यांच्या लॅबनं दाखवलं की हे प्रोटीन चालू करणारा मुख्य जीन, एचएसएफ-वन, ज्या उंदरांमध्ये नव्हता त्यांना ट्यूमर फार कमी झाले.

पसरण्याचंही तसंच. आपली जागा सोडून सुटलेली पेशी सहसा मरते, पण एचएसपी-सेव्हन्टीसारखे प्रोटीन तिचं मरण अडवतात, आणि एचएसपी-नाइन्टी तर काही ट्यूमर बाहेर सोडतात, तिथं ते आजूबाजूचं जाळं कापणाऱ्या एन्झाइमला चालना देतं, मग पेशीला वाट मिळते. आई, तुझ्या रिपोर्टवर हर-टू पॉझिटिव्ह लिहिलं होतं आठवते? हर-टू म्हणजे कॅन्सरच्या पेशीला वाढायला लावणारं प्रोटीन, तेही याच एचएसपी-नाइन्टीच्या आधारानं टिकतं. नागपूरला दर तीन आठवड्यांनी ते इंजेक्शन घ्यायचो, नर्स किती वेळ शीर शोधायची अन् तू तिलाच म्हणायची होईल बाई सावकाश, ते इंजेक्शन थेट हर-टूवर होतं.

मग टेकूच काढायचं औषध काहून नाही? आहे ना, तीस वर्षं लोक मागे लागलेत. अडचण ही की चांगल्या पेशींनाही तो लागतो, त्यामुळे कोणाचे डोळे बिघडले, कोणाचं लिव्हर, बऱ्याच औषधांच्या ट्रायल थांबल्या. २०२२ मध्ये जपाननं पिमिटेस्पिब नावाच्या गोळीला पोटा-आतड्याच्या एका दुर्मिळ ट्यूमरसाठी परवानगी दिली. मला ही खूप मोठी गोष्ट वाटते, इतक्या वर्षांनी एक तरी पार पडली.

तर बाबा, व्हिडिओवाला चुकला तो इथं. ट्यूमर हे प्रोटीन स्वतःच्या बिघाडामुळे बनवतो, आईच्या डोक्यावरच्या उन्हामुळे नाही. उन्हातसुद्धा शरीर घाम गाळून आतलं तापमान सदतीसच्या आसपास ठेवते. शेतात काम केल्यानं कॅन्सर पसरतो असं कुठंही सिद्ध झालेलं नाही. काही ठिकाणी तर डॉक्टर मुद्दाम ट्यूमरला चाळीस ते त्रेचाळीस डिग्रीपर्यंत गरम करतात, रेडिएशन जास्त लागू पडावं म्हणून, फक्त रोज रोज करत नाहीत, कारण तेवढ्यात हेच प्रोटीन वाढून पेशी गरमीला सरावते.

आई, तू जा. पण सकाळी, नऊ-साडेनऊच्या आत घरी. ऑपरेशनच्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हाताला सूज लवकर येते, म्हणून पूर्ण बाहीचा शर्ट घाल, धसकट लागू देऊ नको आणि डोक्यावर भारा तर नाहीच. चुलीचा चटकाही सांभाळ.

आणि बाबा, तुमच्या खिशातला खर्रा. हे मी दरवेळी बोलते अन् तुम्ही उठून बाहेर जाता. तंबाखूचं तर सोडाच, नुसत्या सुपारीनंही तोंडाचा कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं कधीचंच सांगितलं आहे. आईसाठी तुम्ही उन्हाला एवढे भ्याले, तर माझ्यासाठी ही पन्नी सोडा. तोंड पूर्ण उघडत नाही असं दादू म्हणत होता, ते मला आवडलं नाही ऐकून. आईच्या मॅमोग्राफीला नागपूरला जाल तेव्हा त्याच दिवशी तुमचं तोंडही दाखवून या, मी दादूला नंबर लावायला सांगितलंय.

तुमची,
मनू