लांडग्यासमोर आमच्या बाजूने उभे राहिलेल्यांचे आभार

डोंगरवाटेवर एका लांडग्याने माझ्या धाकट्या भावाच्या पोटरीचा चावा घेतला, त्या वेळी धावून आलेल्या आणि नाव न सांगताच निघून गेलेल्या सर्वांचे आम्ही कुटुंबीय मनःपूर्वक आभार मानतो. निरोगी लांडगा माणसाला शक्यतो टाळतो. मात्र पिसाळलेला किंवा माणसांनी टाकलेल्या अन्नाला सोकावलेला लांडगा जवळ येतो, आणि अशा वेळी पळत सुटणे फार घातक ठरते, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा त्याचा स्वभावच आहे. हे जाणणाऱ्या त्या दोन गृहस्थांनी मुलांना मध्ये घेतले, काठ्या उंच धरून मोठमोठ्याने ओरडत, त्याच्याकडे पाठ न फिरवता, आम्हा सर्वांना पावलापावलाने मागे नेले. त्यांचा आवाज एकदाही कापला नाही.

ज्या ताईंनी वाहत्या पाण्याखाली साबणाने ती जखम पूर्ण 15 मिनिटे धुतली आणि तिच्यावर कोणालाही काहीही लावू दिले नाही, त्यांचे ऋण फेडता येणारे नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो आजार जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो. जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजच्या विषाणूला लगेच रोखणारी तयार प्रतिपिंडे) टोचले जात असताना भावाचा हात धरून बसलेल्या आणि लसीची पुढची प्रत्येक तारीख स्वतः लिहून देणाऱ्या परिचारिकांचेही आम्ही ऋणी आहोत. लसीचे सर्व डोस आता पूर्ण झाले असून जखम भरली आहे. रक्ताने भिजलेल्या आसनाचे पैसे न घेताच गेलेल्या गाडीवाल्या काकांनी हे वाचल्यास कृपया आम्हाला भेटावे.